नवे रूळ टाकले, आता तपासायचे कसे? मॉडेल रेल्वेच्या लेआउटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेगाब्लॉक जाहीर झाला की आपण कपाळाला हात लावतो. घरच्या लेआउटवर मात्र तोच मेगाब्लॉक आपण हौसेने घेतो. दोन-तीन रविवार रूळ टाकण्यात जातात आणि सोमवारपासून प्रश्न सुरू होतात: गाडी इथेच का थांबते, तिथेच का घसरते? माझा लेआउट एचओ स्केलचा, म्हणजे १:८७, आठ बाय चार फुटांच्या प्लायवर आहे. अख्खा प्लाय आमच्या लिफ्टमध्ये मावेना, म्हणून चार बाय चारचे दोन तुकडे करून मध्ये जोड दिला. त्या जोडाने मला सर्वात जास्त शिकवलं, त्याबद्दल शेवटी. त्याहून छोट्या एन स्केलवाल्यांनी आकडे आपल्या मापात बदलून घ्यावेत. पद्धत तीच राहते.

रूळ छान बसलेत, दिसायलाही सरळ दिसतात. लगेच खडी टाकली तर काय बिघडतं?

सगळंच. पहिल्या लेआउटच्या वेळी मी रात्री अकरा वाजता उत्साहाच्या भरात खडी पसरली, वरून पाण्यात पातळ केलेला फेव्हिकॉल सोडला आणि समाधानाने झोपलो. सकाळी एक अख्खं वळण निर्जीव. तिथला एक जॉइनर (दोन रूळ जोडणारी धातूची पट्टी) मुळातच सैल होता, त्यात फेव्हिकॉल शिरून वाळला, आणि वाळलेला फेव्हिकॉल वीज जाऊ देत नाही. पलीकडच्या पॉइंटची (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागेची) जीभ, म्हणजे हलणारा रूळ, स्लीपरला चिकटून बसली ती वेगळीच. कोमट पाण्याचे बोळे ठेवायचे, खडी भिजली की जुन्या टूथब्रशने खरवडायची, असं करत दोन संध्याकाळी गेल्या. पॉइंट शेवटी फेकावाच लागला.

खऱ्या रेल्वेत नवा मार्ग प्रवाशांसाठी खुला होण्याआधी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी होते. गंमत म्हणजे हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. ज्यांनी रूळ टाकले त्यांनीच ते पास करू नयेत, हा त्यातला विचार. आपल्या घरात ठेकेदारही आपण आणि आयुक्तही आपणच. म्हणून मी एक साधा नियम पाळतो: ज्या दिवशी रूळ टाकले त्या दिवशी तपासायचे नाहीत. आपल्याच कामाच्या प्रेमात असताना वाकडा जोडसुद्धा सरळ दिसतो.

वीज जोडण्याआधी काय काय बघायचं?

आधी डोळा, मग नख, मग हात.

गाल टेबलाला टेकवा आणि एक डोळा मिटून रुळाच्या पातळीवरून लांबवर बघा. वरून सरळ दिसणारा रूळ इथून नागमोडी दिसतो. वळणाच्या मधोमध दोन फ्लेक्स ट्रॅक (हवे तसे वाकवता येणारे रूळ) जोडले असतील तर तिथे हमखास कोपरा पडलेला असतो, कारण रूळ सरळ व्हायला बघतो आणि जॉइनर त्याला धरून ठेवू शकत नाही. यावर उपाय आधीच करायचा असतो: दोन्ही तुकडे सरळ असताना जोडावर सोल्डरचा डाग द्यायचा आणि मगच वाकवायचं. वाकवल्यावर आतला रूळ लांब पडतो, तो कापून घ्यायचा. कोपरा आत्ता दिसला असेल तर आत्ताच उकला. पुढे तो सुधारणार नाही.

मग प्रत्येक जोडावरून नख फिरवा, दोन्ही दिशांनी. वरच्या पृष्ठावर आणि रुळाच्या आतल्या कडेवर, कारण चाकाची फ्लँज (बाहेर आलेली कड) आतल्या कडेला घासून जाते. नख अडलं तर चाकही अडणार. बारीक कानशीने कड मोडून घ्या. कधी कधी एक रूळ जॉइनरच्या आत जाण्याऐवजी त्याच्यावर चढून बसलेला असतो. हा दोष डोळ्याला दिसत नाही, नखाला लगेच कळतो. खऱ्या मार्गावर कीमन रोज पायी चालत आपली बीट तपासतो. आपली बीट आठ फुटांची आहे, कंटाळा करायचं कारण नाही.

शेवटी एक डबा हाताने ढकला. वरून दाबायचा नाही, बोटाच्या टोकाने मागून हलकेच लोटायचा. खोलीतला पंखा बंद ठेवा. आवाज ऐकायचा आहे. चांगल्या रुळावर एकसारखी सरसर येते. जिथे टक् असा आवाज येतो तिथे मी पेन्सिलने खूण करतो आणि पुढे जातो. दुरुस्ती नंतर, आधी पूर्ण फेरी.

गेज (दोन रुळांमधलं अंतर) तपासायचं कार्ड माझ्याकडे नाही. पर्याय?

डिजिटल व्हर्निअर कॅलिपर. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हत्यारांच्या दुकानात सहज मिळतो. एचओमध्ये दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर १६.५ मिमी हवं. वळणावर १७च्या आसपास गेलं तरी चालतं. १६.५च्या खाली गेलं की मात्र चाक वर चढतं. थोडं सैल परवडतं, घट्ट अजिबात परवडत नाही. घट्टपणा बहुतेक वेळा आपणच आणतो: ट्रॅक पिन जोरात ठोकली की स्लीपर मध्ये खचतो आणि दोन्ही रूळ आत झुकतात. पिन अर्धा मिमी वर ठेवा.

भारतीय गाड्या चालवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, त्याला ८७ने भागलं तर १९.३ मिमी येतात. आपण धावतो १६.५वर. त्यामुळे डब्याखाली रूळ अरुंद वाटतात. ती तुमची चूक नाही, कॅलिपरला दोष देऊ नका.

चाचणीसाठी कोणता डबा घ्यावा?

तुमच्याकडचा सर्वात वाईट. एकदम नवं, जड, सहा आसांचं इंजिन सगळीकडून सुखरूप जातं आणि आपल्याला खोटा दिलासा देतं. मी दोन डबे वेगळे ठेवलेत. एक छोटी, हलकी, दोन आसांची मालवाघीण, जी नुसत्या वाऱ्याने घसरेल. दुसरा पूर्ण लांबीचा, जुन्या पद्धतीचा आयसीएफ डबा. मूळ डबा २१.३ मीटरचा, म्हणजे एचओमध्ये साधारण २४.५ सेंमी. नव्या पद्धतीचा एलएचबी त्याहून लांब, २७ सेंमी. वाघिणीला रुळाचा खड्डा कळतो आणि लांब डब्याला वळणाचा घट्टपणा.

अंदाजाचा एक नियम असा की वळणाची त्रिज्या सर्वात लांब डब्याच्या तिप्पट असावी. आयसीएफसाठी ती ७३-७४ सेंमी होते. आठ बाय चारच्या बोर्डावर ५५ सेंमीच्या पुढे काही बसत नाही, हे आपण सगळेच जाणतो. म्हणजे आपण सगळेच नियम मोडून बसलोय. डबे वळतात, पण मग जोडाजोडांत ढिलाई चालत नाही. जागा कमी असेल तर रूळ जास्त काटेकोर टाकावे लागतात.

मल्टिमीटरने नेमकं काय तपासायचं?

पुरवठा पूर्ण बंद, इंजिन आणि दिवे लावलेले डबे खाली उतरवलेले. मीटर बीपवर ठेवा. एक टोक बसच्या (लेआउटखालून जाणाऱ्या मुख्य तारांच्या) लाल तारेला, दुसरं टोक लाल बाजूच्या प्रत्येक रुळाच्या तुकड्याला. सगळीकडे बीप हवी. मग तेच काळ्या बाजूला. शेवटी लाल-काळा एकत्र: इथे बीप अजिबात यायला नको.

हे काम सगळी वायरिंग संपल्यावर करू नका. प्रत्येक फीडर (बसपासून रुळापर्यंतची छोटी तार) जोडला की लगेच एक बीप घ्या. वीस फीडर जोडून झाल्यावर शॉर्ट सापडला तर संशयित वीस असतात, एकेक करत गेलात तर एकच.

मीटर सगळीकडे १२ व्होल्ट दाखवतो, तरी इंजिन दूरच्या टोकाला रखडतं. का?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. सैल, गंजलेला, केसाच्या जाडीएवढा टेकलेला जोडसुद्धा त्याला पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. नळ बंद असताना पाइपातला दाब भरपूर वाटतो, तसं आहे हे. चाळीत वरच्या मजल्यावर राहिलेल्यांना जास्त सांगायला नको. खालच्यांनी नळ उघडला की खरी गोष्ट कळते.

म्हणून रुळावर ओझं टाकून मोजायचं. स्कूटरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॉटचा बल्ब घ्या. कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. ‘एलईडी नको, फिलामेंटवाला द्या’ असं बजावून सांगा. त्याला दोन तारा आणि दोन क्रोकोडाइल क्लिप लावा. हा बल्ब साधारण ०.८ अँपिअर घेतो, म्हणजे दोन इंजिनं एकदम ओढतील तेवढा. तुमचा कंट्रोलर तेवढा करंट देऊ शकतो ना, हे आधी त्याच्यावर वाचून घ्या. बल्ब दूरच्या टोकाला दोन्ही रुळांवर लावा आणि तिथेच व्होल्ट मोजा. पुरवठ्याजवळचा आकडा आणि इथला आकडा यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नसावा. बल्ब तापतो, त्यामुळे तो प्लास्टिकच्या स्लीपरवर ठेवू नका, आणि दहा-पंधरा सेकंदांत माप घेऊन काढा.

फरक जास्त निघाला तर दोषी जोड शोधायची एक सुंदर युक्ती आहे. बल्ब पेटलेला असताना मीटर मिलिव्होल्टवर ठेवा आणि एकाच रुळावर, जोडाच्या अलीकडे एक टोक, पलीकडे दुसरं टोक. चांगल्या जोडावर जेमतेम काही मिलिव्होल्ट दिसतात. खराब जोडावर आकडा एकदम शेकड्यात उडी मारतो. मला हे कळलं त्या दिवशी मी अर्ध्या तासात तीन जोड पकडले, ज्यांच्यामागे महिनाभर इंजिनाला शिव्या देत होतो.

यामागचं कारण सोपं आहे. आपले रूळ निकेल सिल्व्हरचे असतात. नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदीचा कण नसतो, तो तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. तांब्याच्या दहाव्या हिश्श्याइतकीही वीज तो वाहत नाही. म्हणून रुळातून वीज लांब नेण्याची अपेक्षा करू नये. वीज न्यायची ती खालून तांब्याच्या बसने, आणि दर तुकड्याला वेगळा फीडर द्यायचा. आठ-दहा फुटांच्या लेआउटला बस म्हणून दीड एमएमची वायर पुष्कळ झाली. लोहार चाळीत याच नावाने मागा. फीडर अर्ध्या एमएमचा, वीतभर लांबीचा. जॉइनरचं काम रूळ एका रेषेत ठेवणं. वीज नेण्यासाठी त्याच्यावर विसंबू नका.

नाण्याची चाचणी म्हणजे काय? आणि ती कोणी करू नये?

ही डीसीसीवाल्यांसाठी, म्हणजे रुळातूनच डिजिटल आज्ञा पाठवून इंजिनं चालवणाऱ्यांसाठी. डीसीसीत रुळावर सतत पूर्ण व्होल्टेज असतं आणि बूस्टर (रुळाला वीज पुरवणारं यंत्र) कित्येक अँपिअर देऊ शकतो. एखादा डबा पॉइंटवर आडवा पडला तर बूस्टरने तत्काळ वीज तोडली पाहिजे. ती तोडतो का, हे बघायला इंजिनं उतरवून पाच रुपयांचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं ठेवायचं. बूस्टर ट्रिप व्हायला हवा, तिथल्या तिथे. दर दोन फुटांवर, आणि प्रत्येक पॉइंटच्या पलीकडे हे करा.

एखाद्या ठिकाणी ट्रिप झालाच नाही, तर ती आनंदाची बातमी नाही. तिथे तारेचा किंवा जोडाचा अडथळा इतका आहे की बूस्टरला शॉर्ट झालाय हेच कळत नाही. अशा जागी पडलेला डबा शांतपणे तापत राहतो, स्लीपर मऊ होतात, चाकं वितळतात. नाणं लगेच उचला, चिमट्याने.

साध्या डीसीवर, आणि विशेषतः लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या बिनसंरक्षणाच्या १२ व्होल्ट अडॅप्टरवर, हा प्रयोग करू नका. तिथे आधी फ्यूज लावा.

रुळावर एकही इंजिन नाही, तरी शॉर्ट दाखवतो. शोधायचा कसा?

अर्धं-अर्धं करत. बस मधोमध तोडा, कोणत्या अर्ध्यात शॉर्ट राहतो ते बघा, मग त्या अर्ध्याचं अर्धं. चार-पाच पायऱ्यांत जागा सापडते. पण त्याआधी दोन मिनिटं डोळ्यांनी बघा, कारण अनेकदा दोष फालतू असतो: रुळावर राहिलेली ट्रॅक पिन, स्क्रूड्रायव्हर, पक्कड. एकदा माझ्याकडे सुपारीच्या पुडीचा चंदेरी कागद निघाला. कोणाचा, ते घरात सगळ्यांना माहीत आहे.

कागद-पिन नसेल तर पॉइंटकडे वळा. धातूचा, वीज वाहणारा फ्रॉग (पॉइंटमध्ये दोन रूळ एकमेकांना छेदतात ती जागा) असेल तर फ्रॉगनंतरच्या दोन्ही आतल्या रुळांत प्लास्टिकचे जॉइनर हवेत. ते विसरले तर पॉइंट एका बाजूला असताना सगळं ठीक आणि दुसऱ्या बाजूला वळवला की शॉर्ट. आणि गाडी फिरून त्याच रुळावर उलट्या तोंडाने परत येत असेल, म्हणजे रिव्हर्स लूप असेल, तर लाल रूळ फिरून काळ्याला भेटणारच. तो भाग दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांत तोडून वेगळा करावा लागतो.

पहिली गाडी किती वेगात चालवायची?

जेवढी हळू जाईल तेवढी. नव्या किंवा उकललेल्या रुळांवर खऱ्या गाड्यांनाही कॉशन ऑर्डर देऊन वेग बांधतात आणि मार्ग बसत जाईल तसा वाढवतात. आपल्याकडे हिशेब असा: एचओमध्ये गाडीने सेकंदाला जेवढे मीटर कापले त्याला ३१३ने गुणलं की ताशी किलोमीटर मिळतात. एक मीटर जायला सोळा सेकंद लागले तर ताशी २० किमी, दहा सेकंद लागले तर ३१, तीन सेकंद लागले तर १०४. टेबलावर मीटरभर अंतराच्या दोन खुणा करा आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. सोळा सेकंदांची फेरी आपली कॉशन ऑर्डर.

हळू चालवण्याचं कारण असं की वेगात इंजिन आपल्या जोरावर मृत जागा ओलांडून जातं आणि दोष लपतो. सावकाश जाताना ते तिथेच थांबतं आणि बोट दाखवतं. खोलीतले दिवे घालवून एक फेरी घ्या. चाकाखाली ठिणगी दिसली तर तिथे रूळ मळलाय किंवा जोड हलतोय.

मग उलट दिशेने. मग वेगात. कधी कधी हळू सगळं सुरळीत जातं आणि वेगात वळणाच्या तोंडाशी घसरतं. तिथे सरळ रुळातून वळणात प्रवेश अचानक झालेला असतो.

पॉइंटवरच घसरतं. नेहमी पॉइंटवरच.

घसरणारच. अख्ख्या लेआउटवर चाकाला आधार सुटतो अशी जागा फक्त तिथे असते. पॉइंटला जुने रेल्वेवाले ‘सांधा’ म्हणतात, आणि सांधेदुखी कुठून आली हे शोधायला गुडघे टेकावेच लागतात. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा, फोन रुळाच्या पातळीवर ठेवून. कोणतं चाक, कोणत्या बाजूला, नेमकं कुठे वर उचललं जातं, हे दोन वेळा बघितल्यावर निम्मं निदान होतं.

जिभेच्या टोकाशी उचललं तर टंग रेल (जीभ) आणि स्टॉक रेल (ती टेकते तो स्थिर रूळ) यांच्यात फट आहे. नखाने दाबून बघा. बहुतेक वेळा मध्ये खडीचा कण किंवा फेव्हिकॉलचा थेंब असतो. टोक बोथट असेल तर कानशीच्या दोन हलक्या घासांनी धारदार करा, तिसरा घास नको.

फ्रॉगपाशी उचललं तर चेक रेलकडे बघा. फ्रॉगमधून जाताना समोरच्या चाकाला आत ओढून धरणं हे चेक रेलचं काम. तिच्या आणि रुळाच्या मधली फट जास्त रुंद झाली तर चाक भलत्या वाटेला लागतं. तिथे प्लास्टिकची पातळ पट्टी चिकटवा. डबा फ्रॉगमध्ये खाली गचकतो पण घसरत नाही, अशी तक्रार असेल तर ती चाकांच्या रुंदीची गोष्ट आहे, सोडून द्या.

आणि पॉइंट खाली सपाट आहे ना? रुळाखालच्या कॉर्कच्या दोन पट्ट्यांचा जोड नेमका पॉइंटखाली आला असेल तर तो सी-सॉ होतो. चारही टोकं आळीपाळीने बोटाने दाबा. एखादं हललं तर खाली कागदाची घडी सरकवा.

सगळं दुरुस्त झाल्यावर खरी परीक्षा: पाच-सहा लांब डब्यांची रेक इंजिनाने मागे ढकलत पॉइंटमधून न्या, आणि वळणाच्या बाजूने न्या. ओढताना रेक ताठ राहते, ढकलताना ती दुमडायला बघते आणि प्रत्येक फ्लँज रुळाच्या कडेला चढायचा प्रयत्न करते. एस आकाराचा क्रॉसओव्हर (शेजारच्या रुळावर नेणारी पॉइंटची जोडी) असेल तर हीच परीक्षा दहा वेळा. दहापैकी नऊ वेळा गेली म्हणजे नापास.

दोष रुळाचा की डब्याचा, हे कसं ओळखायचं?

एकच डबा सगळीकडे घसरतो: डबा. सगळे डबे एकाच जागी घसरतात: रूळ. एकच डबा एकाच जागी घसरत असेल तर दोघांतही थोडं थोडं आहे. आधी डब्याची चाकं मोजा. एचओत दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर साडेचौदा मिमीच्या आसपास हवं. स्वस्तातल्या डब्यांत ते हमखास कमी भरतं.

पावसाळ्यात रूळ वाकडे होतात, ते तापमानामुळे का?

मुंबईत तापमानाचा दोष कमी, दमटपणाचा जास्त. मीटरभर रूळ १५ अंशांच्या फरकाने पाव मिमी वाढतो, आठ फुटांत साधारण ०.६ मिमी. त्याहून मोठी हालचाल खालचं लाकूड करतं. पावसाळ्यात ते फुगतं आणि जोड उघडतात. हिवाळ्यात, किंवा खोलीत रोज एसी लागत असेल तर, ते आटतं. रूळ मात्र आहेत तेवढेच राहतात, एकमेकांना ढकलतात आणि मध्येच फणा काढतात.

म्हणून फट किती ठेवायची हे महिन्यावर ठरतं. जुलैत रूळ टाकत असाल तर लाकूड आधीच फुगलेलं आहे, पुढे आटणार. दर तीन फुटांवर पोस्टकार्डाच्या जाडीएवढी तरी फट सोडा. जानेवारीत टाकत असाल तर फट नावापुरती पुरे. सगळे जोड डाग देऊन पक्के केलेत अशा लेआउटला हा त्रास आधी होतो. प्लाय मरीन घ्या, आयएस ७१० छापलेला, आणि वर-खाली-कडांना ऑइल पेंटचा हात द्या. नुसता वरून रंगवलेला प्लाय एका बाजूने पाणी पितो आणि वाकतो.

समुद्राजवळ राहणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. डाग देताना ॲसिडचा फ्लक्स वापरू नका, राळेचाच वापरा. ॲसिडचा अंश राहिला तर एका पावसाळ्यात जोडाला हिरवी बुरशी आल्यासारखं दिसतं, आणि फीडर हातात येतो.

चढावर इंजिन घसरतं किंवा डबे सुटतात.

भोर घाटात १:३७चा चढ आहे, आणि तिथे वर जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतपासून मागे बँकर (मागून ढकलणारी) इंजिनं लागतात. तुमच्या एकट्या इंजिनाकडून त्यापेक्षा जास्त अपेक्षा नको. मीटरला दोन सेंमी, म्हणजे १:५०, इथपर्यंत राहा. माथेरानच्या १:२०चा दाखला देऊ नका, ती दोन फुटी गेजची वेगळी दुनिया आहे.

डबे सुटत असतील तर दोष चढाच्या सुरुवातीला किंवा शेवटी शोधा. सपाटीवरून चढ एकदम सुरू झाला की कपलिंग एक वर, एक खाली होतं. फूटभर लांबीची सरळ पट्टी रुळावर धरा. माथ्यावर ती झोके खात असेल तर तिथे गोलाई हवी.

गाड्या फलाटाला किंवा एकमेकींना घासतात का, हे आधी कसं कळेल?

सर्वात लांब डब्याच्या मध्यावर वळणाच्या आतल्या बाजूला आणि टोकावर बाहेरच्या बाजूला पेन्सिलीचं टोक चिकटपट्टीने लावा आणि डबा हाताने फिरवा. वळणावर डब्याचं पोट आत येतं आणि टोकं बाहेर जातात. प्लायवर उमटलेली रेष आणि रूळ यांच्या मध्ये काही बांधायचं नाही. दोन समांतर रूळ असतील तर वळणावर दोन लांब डबे शेजारी उभे करून मधून बोट जातं का बघा.

समोर पुनर्विकासाचं काम चालू आहे. रोज रूळ पुसावे लागतात.

लागणारच. आमच्याकडेही तेच, समोरची इमारत पाडली तेव्हापासून रुळांवर सिमेंटची साय धरते. सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. पॉलिश पेपर टाळा, त्याने पडलेल्या चऱ्यांत धूळ अजून मुरते. स्टील वूल तर घरातही आणू नका. त्याचे बारीक तुकडे इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकाला चिकटतात आणि मोटर जाते. चाचणीच्या आधी रूळ आणि इंजिनाची चाकं दोन्ही पुसलेली हवीत, नाहीतर धुळीला जोडाचा दोष समजून तुम्ही वायरिंग उसवत बसाल.

मग खडी नेमकी कधी टाकायची?

मी दोन आठवडे थांबतो. रोज अर्धा तास, वेगवेगळ्या रेक, दोन्ही दिशा. घसरली की तारीख आणि जागा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. दूधवाल्याच्या नोंदी आणि माझ्या नोंदी शेजारी शेजारी असतात, घरच्यांनी आता बोलणं सोडलंय. सलग सात दिवस रकाना कोरा राहिला की खडी. त्यातही पॉइंटची जीभ आणि आसपासचा इंचभर भाग कोरडा सोडायचा, आणि खडी वाळल्यावर मीटर-बल्ब पुन्हा एकदा फिरवायचे.

गणपतीत लेआउट काढून ठेवावा लागतो. परत जोडल्यावर सगळं पुन्हा तपासायचं?

सगळं नाही, फक्त जोड. आमच्याकडे मखराची जागा आणि लेआउटची जागा एकच, त्यामुळे दरवर्षी दोन्ही बोर्ड घडी होऊन कपाटामागे जातात. बोर्डांच्या कडेला रुळांची टोकं सर्वात आधी हलतात. मी तिथे रुळाखाली पितळी स्क्रू ठोकून त्यांच्या डोक्यावर रूळ डागाने पक्के केलेत, आणि दोन्ही बोर्ड एका जागी यावेत म्हणून बिजागऱ्यांच्या जोडीला दोन डॉवेल (खुंट्या) बसवलेत. रूळ दोन्ही बोर्डांवरून सलग टाकून, पक्के करून, मगच मधोमध करवतीने कापले. आधी कापून मग जुळवायचा प्रयत्न मी केलाय, करू नका.

परत जोडताना क्रम असा: कडा पुसा, डॉवेल बसवा, जोडावरून नख फिरवा, दोन्ही बोर्डांमधल्या प्लगची बीप घ्या आणि हलकी वाघीण हाताने ढकला. पंधरा मिनिटांचं काम. गेल्या वर्षी सगळं बरोबर होतं तरी वाघीण जोडावर अडखळली. वाकून बघितलं तर फटीत तांदळाच्या अक्षता. चिमट्याने काढल्या आणि पहिली गाडी सोडली.